दोष आढळला नाही

"पैसे नकोत मला," परतफेडकाका म्हणाले, आणि तिनं मान वर करून बघितलं. दुकानाच्या, परत आलेल्या वस्तूंच्या काउंटरवर उभं राहण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, पण हे वाक्य तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कुणी गोड बोलत, कुणी आवाज चढवत, कुणी मालकाशी लांबचं नातं सांगत, पण शेवटी सगळ्यांची नजर गल्ल्यावरच. आणि त्यात हे परतफेडकाका! त्यांचं हे नाव दुकानातल्या पोरांनी पाडलेलं. छत्री उघडताना फार आवाज करते म्हणून त्यांनी ती परत आणली होती. उशी डोक्याखाली आल्यावर 'ऐकत नाही' म्हणून आणली होती. भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, कारण ते बरोबर वेळ दाखवत असलं तरी घाईघाईनं दाखवतं. दर वेळी ती शांतपणे वस्तू उलटसुलट करून बघायची आणि शांतपणे 'नाही' म्हणायची, आणि काका पुटपुटत निघून जायचे. तिलाही नाव पडलं होतंच. नाहीबाई. पाठीमागे म्हणत, पण दुकान एवढंही मोठं नव्हतं की तिला ऐकू येऊ नये. तिला त्या नावाचा राग नव्हता. उलट आत कुठेतरी जरा मान ताठ व्हायची. कारण तिला फसवणं सोपं नव्हतं. शर्ट नाकाशी नेला की एका रात्रीची मेजवानी तिला कळायची, कॉलरला अत्तर आणि काखेत घाम. तंबूच्या घडीत गवताची काडी सापडायची. 'उघडलासुद्धा नाही हो' म्हणून आणलेल्या मिक्सरच्या भांड्यात लसणाचा वास असायचा. माणसं खोटं बोलतात, वस्तू बोलत नाहीत, असं ती नव्या मुलींना शिकवायची. आणि आज हा माणूस कापडी पिशवीतून इस्त्रीचा खोका काढून, तो दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवून म्हणत होता, "पैसे तुमच्याकडेच ठेवा. ही करंट मारते. बायकोला जोरात बसला. फक्त ही परत विकायला ठेवू नका. तेवढं वचन द्या."

वचन! रांगेतला एक माणूस हसला. त्याच्या हातात लहान मुलाचे बूट होते आणि त्याला घाई होती. वस्तू परत आली की ती तपासायची, ही इथली रीत. काउंटरमागच्या टेबलाशी दुकानाचे मिस्त्री बसत. त्यांनी इस्त्रीत पाणी घातलं, पिन लावली, दिवा लागला, थोड्या वेळानं वाफ आली. पत्र्याला त्यांनी बोटाचं टोक झटकन टेकवून बघितलं, मग मुठीत धरून एका जुन्या फडक्यावर दोनदा फिरवली. "मस्त चालतेय की." "इथं नाही मारणार ती," काका म्हणाले, "घरी मारते." आता रांगच हसली. मिस्त्रीही रंगात आले. "काका, आमच्यासमोर लाजते वाटतं!" काका हसले नाहीत. रागावलेही नाहीत, आणि याचंच तिला नवल वाटलं, कारण छत्रीच्या वेळी त्यांनी अर्धं दुकान डोक्यावर घेतलं होतं. ते तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ती अजून त्या हातानं पेला धरत नाही हो. डाव्या हातानं पाणी पिते." एवढं बोलून त्यांनी पिशवीची घडी घातली, खिशात कोंबली, आणि इस्त्री तिथंच सोडून ते निघून गेले. पैसेही नाहीत आणि वस्तूही नाही. मिस्त्रींनी खोक्याच्या तळाशी चिकटपट्टी लावली: दोष आढळला नाही.

मॅनेजर वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, आणि वाईट नव्हता. सगळ्यांना अहोजाहो करायचा, तिला ताई म्हणायचा. तो येऊन खोका बघून म्हणाला, "ताई, हे सील करून रॅकवर पाठवून द्या. नियमच आहे." तिनं टेपचा गोळा हातात घेतला. टेपचं टोक काही सापडेना. नख गोल गोल फिरत होतं, गुळगुळीत, पुन्हा गुळगुळीत, आणि कानात मिस्त्रींचा तो विनोद. आमच्यासमोर लाजते. लोक कसे हसले. असंच हसायचे, ती नवऱ्याच्या घरी होती तेव्हाही. तिचे आईवडील जेवायला आले की नवरा उठून आईला खुर्ची द्यायचा, वडिलांना फळ सोलून द्यायचा, सालाची एक लांबच लांब न तुटलेली पट्टी काढून दाखवायचा, आणि आई कौतुकानं हसायची. आणि त्याच वेळी टेबलाखाली त्याच्या घरातही न काढलेल्या बुटाची टाच तिच्या अनवाणी बोटांवर असायची. जोरात नाही. एकदम तर मुळीच नाही. हळूहळू वजन टाकत जायचा, आणि वर फळाची फोड पुढे करून विचारायचा, "तू का गप्प? घे ना." ओरडावं तर टेबलावर सगळं इतकं छान चाललेलं. ओरडायचं म्हणजे तिनंच काहीतरी मोडल्यासारखं. का करायचा ते तिला कधीच कळलं नाही. मीठ कमी पडलं म्हणून, ती आधी हसली म्हणून, किंवा कशासाठीच नाही. नंतर दिवसच्या दिवस तो तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही, आणि दारावर कुणी आलं की गाणं सुरू व्हावं तसा बोलायला लागायचा. ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं आईला पाय दाखवला. करंगळीचं नख काळं पडलं होतं. आईनं पाय मांडीवर घेतला, चष्मा लावून बघितला, अगदी मायेनं बघितला, आणि म्हणाली, "बूट लागला असेल गं चुकून. आम्ही होतो की तिथं. आम्हाला तर काही दिसलं नाही." आणि मग ते वाक्य, लहानपणापासून घरात पाण्यासारखं वापरलं जाणारं: "तुला ना, काहीही वाटतं." आई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, तिच्यावर निदान नीट रागावता आलं असतं. वडिलांनी बॅग उचलली आणि तिला स्टँडवर सोडलं. पुढच्या वेळीही तसंच. एकदा दिलेली मुलगी परत घेत नाहीत, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. फक्त बॅग पुन्हा पुन्हा तिच्या हातात दिली गेली. त्यानंतर ती माहेरी गेलीच नाही, सरळ आत्याच्या दारात उभी राहिली. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, हॉस्पिटलात नर्स, लग्न न केलेली, घराण्यात 'फटकळ' म्हणून बाजूला ठेवलेली. आत्यानं दार उघडलं, बॅगेकडे बघितलं, आत जाऊन कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि म्हणाली, "यात तुझं ठेव. आधी जेव." काय झालं, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.

"ताई, होतंय ना?" मॅनेजरनं लांबून विचारलं. "उद्या करते," ती म्हणाली आणि खोका काउंटरखाली सरकवला. स्वतःचाच राग येत होता. एक इस्त्री, एक चक्रम म्हातारा, आणि आपण कुठल्या कुठे वाहत चाललो. इस्त्री म्हणजे इस्त्री. तिचा आपल्या करंगळीशी काय संबंध? संध्याकाळी घरी हे ती आत्याला जवळजवळ तक्रारीसारखं सांगू लागली. आत्याला आता कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं मोठ्यानं सांगावं लागायचं, आणि मोठ्यानं सांगितलं की आपलंच म्हणणं आपल्याला परक्यासारखं ऐकू येतं.

"म्हणजे तुझा त्या माणसावर विश्वास बसला," आत्या म्हणाली.

"तो खोटारडा आहे गं आत्या! घड्याळ घाईघाईनं वेळ दाखवतं म्हणे!"

"मग?"

"मग काही नाही. पैसे नको म्हणाला."

आत्यानं भाजी निवडता निवडता मान वर केली. "खोटारड्यालाही करंट बसतोच की. वॉर्डात नाटकी पेशंट यायचे आमच्याकडे. रोज पोटात दुखतं, रोज. त्यातलाच एक गेला. त्याचं त्या दिवशी खरंच दुखत होतं." मग जुडीतलं एक किडकं पान बाजूला टाकत म्हणाली, "तुला काय वाटतं ते सांग. त्याला काय वाटतं ते राहू दे." हा प्रश्न आत्या अगदी साधेपणानं विचारायची, आणि तिला तो दर वेळी जड जायचा. दुकानात ती दिवसभर दुसऱ्यांचं पारखायची, आणि स्वतःला काय वाटतं म्हटलं की आईचा आवाज आधी हजर. काहीही वाटतं. तिनंही जुडीतलं एक पान उचलून उलटसुलट केलं. मग म्हणाली, "ती मारत असणार." "मोठ्यानं बोल." "ती मारत असणार, आत्या!" "हं," आत्या म्हणाली, "मग पुढचं तुझं तुला माहीत."

सकाळी काउंटरखाली खोका नव्हता. नव्या मुलीनं सांगितलं, सर म्हणाले म्हणून मी सील करून पाठवला, तुमचं काम हलकं केलं. ती तशीच वरच्या मजल्यावर गेली. घरगुती सामानाचा सगळा मजला अजून झोपेतून उठल्यासारखा होता. दिवे नुकते लागलेले, फरशी नुकती पुसलेली, कुठेतरी एक पंखा दाखवायला म्हणून उगाच फिरत होता. रॅकवर इस्त्र्यांचे खोके, सगळे एकाच चेहऱ्याचे. चिकटपट्टी तर ग्राहकाला दिसू नये म्हणून तळाशी असते. ती एकेक खोका उचलून तळ बघू लागली. वरचे, मागचे, मग खालचे. पट्टी कुठेच नाही. आणि तेवढ्यात तिनं मान वळवली तर पलीकडच्या गल्लीत एक ढकलगाडी. गाडीत बादली, उशीचे अभ्रे, एक छोटा आरसा, आणि सगळ्यांत वर इस्त्रीचा खोका. गाडी एक मुलगी ढकलत होती, शेजारी तिची आई. मुलीला नोकरी लागली असावी, पहिली खोली घेतली असावी. आई हातातली प्रत्येक गोष्ट 'हे हवंच का' म्हणून परत ठेवत होती आणि मुलगी ती पुन्हा उचलत होती. दोघी एकमेकींवर चिडून आणि खूश होऊन चालल्या होत्या. तिनं जाऊन खोका उचलला आणि उलटा केला. होती पट्टी.

"अहो, आमचा आहे तो," आई म्हणाली.

"हा देता येणार नाही."

"का? आम्ही आधी घेतलाय. बघ गं, काय दादागिरी!"

"खराब आहे ही इस्त्री."

"मग ठेवता कशाला?" मुलीनं विचारलं. अगदी सरळ विचारलं. ती म्हणाली, "चूक झाली," आणि खोका छातीशी धरून खाली निघाली. मायलेकी गाडी तिथंच सोडून तिच्या मागोमाग, आवाजानं मॅनेजर त्यांच्या मागोमाग. परतीच्या काउंटरशी पोचेपर्यंत ती एक छोटी वरातच झाली होती, आणि तिथं नेहमीची रांग उभी होतीच.

मॅनेजर आधी मायलेकींना हसून 'एक मिनिट' म्हणाला, मग दबक्या आवाजात तिला, "ताई, तपासलेली वस्तू आहे. पट्टी आहे तिच्यावर. तुम्ही ग्राहकाच्या गाडीतनं माल ओढून घेता?" "परत तपासू," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर?" "सगळ्यांसमोरच." मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं, आणि खांदे उडवून इस्त्री बाहेर काढली. पाणी, पिन, दिवा. ती बघत राहिली. काल ज्या नजरेनं बघितलं होतं ती नजर नव्हती ही. काल तिनं इस्त्रीकडे बघितलं होतं. आज तिला दिसले मिस्त्रींचे जाड तळव्यांचे बूट आणि बुटांखालची काळी रबराची चटई, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली, इतकी जुनी की कुणाला ती दिसतच नव्हती. रबरावर उभ्या माणसाला करंट बसणार कसा? घरी बूट घालून कोण इस्त्री करतं? काका म्हणाले होते, इथं नाही मारणार. वाफ आली. मिस्त्री मूठ धरून म्हणाले, "बघा, काही नाही." "थोडा वेळ चालू राहू दे," ती म्हणाली, आणि वाकून आपल्या बुटाची नाडी सोडली.

बूट काढले, मोजे काढले. फरशी गार होती, नुकती पुसलेली, तळव्यांना किंचित ओली लागली. इतक्या लोकांत ती कधी अनवाणी उभी राहिली नव्हती. करंगळीचं ते नख कधी सरळ वाढलंच नाही, जाड, वाकडं. ते आता रांगेतल्या कुणालाही दिसत असेल. दिसू दे. तिला आश्चर्य वाटलं की भीती वाटत होती, पण ती कुठेतरी बाजूला, ओळखीच्या पाहुण्यासारखी बसली होती, मध्ये येत नव्हती. "ताई, काय चाललंय हे? लोक बघतायत." "बघू देत." "तुमच्या नोकरीचा तरी विचार करा." तिनं केला. खरंच केला, उभ्या उभ्या. आत्याची औषधं, घरभाडं, या वयात दुसरीकडे कोण उभं करेल. सगळं डोळ्यांसमोर आलं आणि तसंच उभं राहिलं. "केला," ती म्हणाली. मिस्त्रींच्या हातून तिनं इस्त्री आडवी ठेवून घेतली, चटईपासून बाजूला झाली आणि हात पुढे केला. पत्र्याच्या कडेकडे, उलटा हात, बोटं किंचित वाकलेली. रांग अर्धं पाऊल मागे सरकली. ती मुलगी "अहो, नको" म्हणाली. हात आणखी पुढे गेला, वाफेची ऊब मनगटाला लागली.

मॅनेजरनं पिन उपटली.

वायर त्याच्या हातात लोंबकळत होती. त्यालाही ते आत्ताच कळत असावं. तिनं हात तसाच ठेवून विचारलं, "का काढलीत?" त्यानं हातातल्या वायरीकडे बघितलं. "दोष नाही ना तिच्यात? मग का काढलीत?" "अहो... उगाच कशाला," तो म्हणाला. चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. त्या क्षणी तो एखाद्या धाकट्या भावासारखा दिसत होता. "उगाच का होईना," ती म्हणाली, "पण ही मुलगी ती घरी नेत होती." मुलीच्या आईनं नकळत मुलीचा दंड धरला.

मिस्त्री इस्त्री घेऊन आत गेले. चटई सरकवून, टेस्टर लावून, ती बराच वेळ तापत ठेवून बसले. तोवर तिनं मोजे चढवले, बूट घातले आणि रांगेतल्या दोन जणांचं काम उरकलं. एकाला हो, एकीला नाही. आतून येऊन मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाले, "येतोय करंट. पाणी पूर्ण तापलं की मग येतो. दिवा लागला टेस्टरचा." मॅनेजरनं लगेच वरचे सगळे खोके उतरवायला सांगितले, कंपनीला फोन लावायला धावला. तो कामाचा माणूस होता, एकदा कळल्यावर हयगय करणारा नव्हता. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात कामाच्या वेळी पादत्राणे काढल्याबद्दलचा मेमोही त्यानंच ठेवला, मान खाली घालून, आणि तिनं तो सही करून घेतला. पण त्या सकाळी टेस्टरचा दिवा लागल्याचं ऐकून तिला व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही. एक चमत्कारिक चीड आली. म्हणजे शेवटी तो एवढासा लाल दिवा लागावाच लागला. दिवा लागला नसता तर? टेबलाखाली कुठलाच दिवा लागत नव्हता. तिथं फक्त ती होती, आणि तिचं सांगणं. तिला वाटलं, दिवा लागण्याच्या आधी मी हात पुढे केला होता, माझं जे काही आहे ते एवढंच. आणि ते पुरेसं आहे. ते कुणी सील करून परत पाठवू शकत नाही.

दुपारी तिनं इस्त्रीच्या बिलावरचा नंबर बघून फोन लावला. काकांना सांगायचं होतं, पण फोन त्यांच्या बायकोनं उचलला. बारीक, सावध आवाज. हे बाहेर गेलेत, म्हणाल्या. तिनं दुकानाचं नाव सांगितलं, तशा बाई घाईनं म्हणाल्या, "अहो, त्यांचं मनावर घेऊ नका हं. त्यांचा स्वभावच तसा. आम्हाला पैसे वगैरे नकोत."

"तुमची इस्त्री तपासली आम्ही," ती म्हणाली. "करंट येतोय तिच्यात. ती कुणाला विकणार नाही. तिच्यासारख्या सगळ्या काढून घेतल्यात."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला नाही ना बसला?"

"नाही. आधीच पिन काढली."

"बरं झालं बाई. फार वाईट बसतो. खांद्यापर्यंत जातो." मग आवाज खाली आणून, "घरात सगळे म्हणाले, काही नसेल, आई, तुम्हाला आताशा भास होतात. डॉक्टर पण म्हणाले, हाताला काही दिसत नाही. यांनी तेवढं ऐकलं, पण यांचं कोण ऐकतं! मलाही मग वाटायला लागलं की असेल, माझ्याच मनाचं असेल."

काउंटरच्या काचेपलीकडे रांग वाढत होती. कुणीतरी खोका आपटून 'मॅडम' म्हणालं. तिनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं आणि काचेकडे पाठ केली.

"मनाचं नव्हतं," ती म्हणाली. "करंट होता. तुम्ही सांगितलंत ते खरं होतं."

"परत सांगता?"

"तुम्ही सांगितलंत ते खरं होतं."

"थांबा हं," बाईंच्या आवाजात एकदम जीव आला. "फोन ठेवू नका. सुनेला बोलावते, ती वर आहे कपडे वाळत घालायला. तिला सांगा हे. जसंच्या तसं सांगा." फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, मग लांब लांब जाणारी पावलं, मग जिन्याशी उभं राहून मारलेली हाक, एकदा, पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं. मागे काचेवर टकटक सुरू झाली होती. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली.